बापाच्या नावाचं पाणी

इजिप्तमधल्या कफ्र शुबैका गावात माणसाची किंमत त्याच्या गव्हाच्या रंगावरून ठरते. पीक किती आलं ते मळणीनंतर कळतं, आणि तेव्हा सगळेच खोटं बोलतात. रंग मात्र बांधावरून दिसतो, तिथं लपवाछपवी चालत नाही. ज्याचं शेत फिकट, त्याला कहव्याच्या दुकानात चहा सगळ्यांच्या शेवटी मिळतो. ज्याचा गहू काळपट हिरवा, त्याच्यासाठी लोक खुर्ची पुसून देतात. हाजी शवादफीला गेली अकरा वर्षं पुसलेली खुर्ची मिळत होती.

सोसायटीचे इंजिनीअर वगदी दर हंगामात घसा फोडून सांगत, एका फद्दानाला, म्हणजे एकरभराला, युरियाच्या तीन गोण्या, चौथी नको. शवादफी ऐकून घेई, मान डोलवी आणि पाच टाकी. त्याचं गणित सोपं होतं. तीन गोण्या सरकारच्या, एक गव्हाच्या हौसेची आणि एक शेजारच्या अबुल-युसरच्या नाकावर टिच्चून. अबुल-युसरचं शेत पाटाच्या वरच्या अंगाला. तो सकाळी बांधावर उभा राहून शवादफीचा गहू न्याहाळी आणि दुपारी स्वतःच्या शेतात आणखी एक गोणी फोडी. दोघांची ही चढाओढ वर्षानुवर्षं चालली होती आणि मधल्यामध्ये गहू बिचारा फुगत होता. अमशीर महिन्याचा वारा सुटला की त्याला स्वतःचं अंग सावरेना, तो दरवर्षी आडवा व्हायचा. आडव्या गव्हात दाणा भरत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण आडवा झाला तरी तो हिरवागार आडवा व्हायचा, एवढ्यावर दोघांचं समाधान होतं.

गव्हानं न खाल्लेला युरिया जातो कुठं, हा प्रश्न गावात कुणाला पडला नव्हता. कालव्यात जलपर्णी एवढी माजली की बदकं पोहायचं सोडून तिच्यावरून चालायला लागली. मासे पोट वर करून तरंगले, तेव्हा गावानं वरच्या गावाला शिव्या घातल्या, वरच्या गावानं त्याच्या वरच्या गावाला. शिव्या अशा कालव्याच्या उलट दिशेनं पार कैरोपर्यंत पोचल्या असतील. शवादफीच्या आवारात कबुतरांचा मातीचा बुरूज होता, तो रिकामा पडला होता. बापाच्या काळी त्यातलं खत टरबुजांच्या वाफ्यांना जाई, आणि बरसीम घासाच्या रानाला तर बाप काहीच देत नसे. "बरसीम आपलं खत आपल्या मुळाशी गाठी मारून आणते, वर आपल्यालाच ठेवून जाते. तिला मी काय देऊ?" असं म्हणायचा. शवादफीला तेव्हा वाटे, म्हातारा चिक्कू आहे आणि चिक्कूपणाला तत्त्वज्ञान लावतो आहे.

असं असलं तरी बापावर त्याचा जीव होता. म्हातारा वारला तेव्हा शवादफीनं शेताच्या कोपऱ्यावर, रस्त्यालगत, त्याच्या नावानं हापसा बसवला. मेलेल्याच्या नावानं पाणी पाजलं की ते वाहतं आहे तोवर त्याला पुण्य पोचत राहतं. वर संगमरवरी पाटी लावली: 'मरहूम अब्दुल-मौजूद यांच्यासाठी फातिहा म्हणा.' गावात घरोघरी सरकारी नळ होता, पण त्या पाण्याला औषधाचा वास यायचा. शिवाय नळाचं पाणी पिऊन फातिहा म्हणायची कुणासाठी, पाणीखात्यासाठी? हापशाचं पाणी थंड, जिभेला गोडसर. बाळंतिणींच्या घरची माणसं तर मुद्दाम तिथूनच कॅन भरून न्यायची.

त्यात अबुल-युसरची सून इन्साफही होती. दोन हिवाळ्यांपूर्वी तिला पहिला मुलगा झाला. सातव्या दिवसाच्या समारंभाला शवादफीची बायको सित्त अबूहा गेली. दोन घरांत गोण्यांची चढाओढ असली तरी बायकांत येणंजाणं होतं. तिनं बाळ मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "अगं बाई, काय गुटगुटीत! काय गुलाबी!" आनंदाच्या भरात पुढं, कौतुकाची नजर लागू नये म्हणून म्हणतात ते, 'माशाअल्लाह' म्हणायचं राहून गेलं. खोलीतल्या सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या. तिनं मग तीनतीनदा म्हटलं, पण वेळ निघून गेली होती. दोन महिन्यांचं झालं तेव्हा ते पोर ओठांपासून निळं पडत गेलं आणि एका दुपारी संपलं.

तोंडावर कुणी काही बोललं नाही. फक्त तेव्हापासून सित्त अबूहा रस्त्यानं चालली की बायका पोरांच्या तोंडावर पदर ओढू लागल्या. बारशाची बोलावणी बंद झाली. तीही त्याबद्दल घरात चकार शब्द काढत नसे, आणि शवादफीनं सोयीस्कर समजूत करून घेतली की तिला काही वाटत नाही.

मग त्यांच्याच घरी नात जन्मली. मुलगा हिलाल कुवेतमध्ये नोकरीला, सून नजला इथं. पोरीचं नाव ठेवलं तस्नीम. नजलाला दूध पुरेना, म्हणून डब्यातलं दूध सुरू झालं. सित्त अबूहानं बाटलीचं सगळं काम स्वतःकडे घेतलं. "माझ्या नातीला नळाचं पाणी? वेड लागलंय का? पणजोबाच्या पुण्याचं, सदक्याचं पाणी असताना?" ती ते पाणी एकदा नाही, तीनदा उकळायची, भांड्यात निम्मं उरेपर्यंत. एवढी काळजी तालुक्यात कुणी घेत नसेल.

पाचव्या आठवड्यात तस्नीमचे ओठ राखाडी झाले, मग नखं, मग सगळं अंगच निळसर. रडणंही बारीक झालं. सित्त अबूहाच्या तोंडचं पाणी पळालं, पण निदान ठरायला क्षणही लागला नाही. परवा अबुल-युसरची बायको कुंपणावरून डोकावली होती.

"उट्टं काढलं तिनं," सित्त अबूहा म्हणाली. "तिच्या नातवाचं माझ्या नातीवर काढलं."

तिनं पोरीच्या कुंचीला निळा मणी टाचला. तेवढ्यानं भागेना, तेव्हा मोठा मणी. तुरटी निखाऱ्यावर टाकली, ती फुगून आली तिच्यात तिला अबुल-युसरच्या बायकोचं नाक दिसलं. मग कागदाची बाहुली कापली आणि गावातल्या एकेका बाईचं नाव घेऊन सुईनं टोचायला घेतली. रोग हल्याला आणि औषध पखालीला! मध्येच पोरगी कण्हली, तेव्हा तिला त्याच पाण्याची आणखी एक बाटली पाजली.

एकोणिसाव्या टोचणीला नजलानं बाहुली हिसकावून घेतली.

"माझी पोरगी कागदाची नाहीये, अम्मा!" ती किंचाळली. "बाबा, गाडी काढा, नाहीतर मी चालत जाते!"

शवादफीनं सुनेला एवढ्या मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्यानं पायघोळ गलाबियाचा सोगा दातांत धरला आणि पिकअपकडे धावला.

तालुक्याच्या इस्पितळात डॉक्टरीण माहिताब होती, तिशीची, फटकळ, डोळ्यांखाली जागरणं घेऊन बसलेली. तिनं पोरीच्या टाचेतून रक्त काढलं. ते तांबडं नव्हतं, तपकिरी होतं. शवादफीनं प्रत्येक ईदला बोकड कापलेले पाहिले होते, पण असलं रक्त कधी पाहिलं नव्हतं.

"दूध कुठलं?" तिनं विचारलं.

"डब्यातलं."

"पाणी?"

"पाण्याचं नाव काढू नका डॉक्टरीणबाई," सित्त अबूहा म्हणाली. "तीनदा उकळते मी."

"नळाचं?"

"नळाचं कशाला? यांच्या वडिलांच्या नावाचा हापसा आहे."

"कुठं?"

"आमच्याच शेतात."

डॉक्टरणीनं डोळे मिटून घेतले, मग नर्सला हाक मारून इंजेक्शन मागवलं. ते आलं, ते गडद निळं होतं. सित्त अबूहानं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. औषध हळूहळू पोरीच्या शिरेत गेलं. तासाभरात तिचे ओठ गुलाबी झाले आणि ती असं काही खणखणीत रडली की नजला हसत हसत भिंतीला टेकून खाली बसली.

"बघितलंत?" सित्त अबूहा वॉर्डातल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "निळ्याला निळंच लागतं! माझंही तेच चाललं होतं. माझा मणी बाहेरून होता, यांनी आतून घातला, एवढाच काय तो फरक!"

बायकांना ते पटलं. तिथून ते बाजारात गेलं, आणि शवादफीची पिकअप गावात पोचायच्या आत गावात पोचलं.

पण निघण्याआधी डॉक्टरणीनं शवादफीला बाहेर बाकावर बसवलं.

"हाजी, फद्दानाला युरिया किती टाकता?"

"सरकार देतं तेवढा."

"मी सोसायटीची माणूस नाही."

"पाच गोण्या," तो पुटपुटला. "कधीमधी सहा."

"गहू किती खातो?"

"सगळा खातो. माझा गहू आहे तो."

"निम्मा खातो. उरलेला?"

"राहतो की जमिनीत. पुढच्या पिकाला."

"जमीन म्हणजे काय तिजोरी आहे, कुलूप लावून ठेवायला? तुम्ही शेतात पाणी भरता, ते त्याला घेऊन खाली उतरतं. खाली कोण आहे?"

शवादफीनं थोडा वेळ टोपी हातात फिरवली. "खाली हापसा आहे," तो म्हणाला.

"मोठ्यांना लगेच काही जाणवत नाही. तान्ह्याच्या पोटात ते खत गेलं की त्याच्या रक्ताला श्वास वाहून नेता येत नाही. आणि ते उकळून जात नाही. पाणी आटतं, ते मागं उरतं. तीनदा उकळलंत म्हणजे तीनदा दाट केलंत."

"पण बाई," शवादफी चाचरत म्हणाला, "इंजिनीअर वगदी तर सांगतो की युरिया हवेतूनच काढतात. हवेत पाचातले चार हिस्से तेच भरलंय म्हणे. हवेनं कुणाचा श्वास कसा अडेल?"

"हवेत असतो तोवर तो नायट्रोजन कुणाच्या अध्यात ना मध्यात. पूर्वी बरसीमच्या मुळांतले जंतू त्यातला थोडा उतरवून घ्यायचे, पिकं खायची, जनावरं खायची, शेण पुन्हा शेतात, उरलेला परत हवेत. आपण त्याला कारखान्यात नेऊन गोण्यांनी कामाला जुंपला. आता तो मिळेल तिथं कामाला लागतो. शेतात, कालव्यात, बाळाच्या रक्तात. त्याला बस म्हणणारा कुणी नाही." ती उठली. मग थांबून तिनं विचारलं, "तुमच्या गावात आधी असं एखादं बाळ गेलंय?"

"नाही," शवादफी म्हणाला. ते खोटं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सित्त अबूहा पीठ मळत होती. इस्पितळात तिनं तोंडानं निळ्या मण्याचा डंका पिटला होता, पण कान तिचे बाकाकडेच होते.

"ते पाणी इन्साफपण न्यायची," ती परातीकडे बघत म्हणाली.

"हो."

"बाटलीसाठीच न्यायची. तिलाही दूध नव्हतं."

"हो."

"म्हणजे माझ्या डोळ्यानं नाही गेलं ते पोर?"

ती पिठाचे हात तसेच तोंडावर ठेवून रडायला लागली. दोन वर्षं ही बाई स्वतःला खुनी धरून त्याला जेवायला वाढत होती, त्याच्या गलाबिया धूत होती, आणि याला पत्ता नव्हता. याला गव्हाचा रंग तेवढा दिसत होता. त्याला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

"सगळ्यांना सांगा," ती डोळे पुसून म्हणाली. कपाळभर पीठ लागलं होतं. "एकेकाला सांगा. माझ्यावरचं हे उतरवा, हाजी. मला लोकांची बाळं घ्यायचीयत मांडीवर."

"आजच सांगतो," तो म्हणाला, आणि हापसाही आजच बंद करतो म्हणाला.

बोलणं सोपं होतं. तो आधी सोसायटीत गेला. इंजिनीअर वगदींनी चहा मागवला, सगळं ऐकलं आणि फार हळहळले. पण सोसायटीचा संबंध खत जमिनीवर पडेपर्यंत. जमिनीखाली गेलं की ते पाणीखात्याचं. पाणीखात्यात कळलं, ते फक्त नळाचं पाणी बघतात, खासगी सदक्यात हात घालत नाहीत. आरोग्यखात्यानं सांगितलं, मूल आजारी असेल तर घेऊन या, बरं झालं असेल तर काय तपासायचं? प्रत्येक ठिकाणी त्याला दुसऱ्या खात्याचं पत्र लागत होतं. युरियाला मात्र या सगळ्या खात्यांतून जाताना कुठं कागद दाखवावा लागला नव्हता.

मग त्यानं स्वतः लाल रंग आणला आणि हापसा वरपासून खालपर्यंत रंगवला. लोकांना फार आवडलं. नात वाचली म्हणून हाजीनं बापाचा हापसा नवा केला, असं म्हणत त्यांनी दोन-दोन फातिहा जास्त म्हटल्या. त्यानं फळा लावला, 'तान्ह्या बाळांना हे पाणी देऊ नका.' बायका म्हणाल्या, बरोबर आहे, एवढं पवित्र पाणी, पोरं सांडतात. तो माणसं गाठून गाठून सांगू लागला. ती ऐकायची आणि म्हणायची, "इतकी वर्षं हेच पाणी पितोय हाजी, बघा माझी मनगटं. आणि ती डॉक्टरीण एवढी शहाणी, तर औषध निळं का दिलं तिनं?" यावर काय बोलणार? सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी चिडून त्यानं हापशाचा दांडाच काढून घरी आणला. संध्याकाळी बघतो तर नवा दांडा बसलेला, आणि तो कुणाच्या मेलेल्या आईच्या नावानं बसवायचा यावरून दोन लोहार भाऊ तिथंच हमरीतुमरीवर आलेले.

त्यातच त्याला कळलं, इन्साफला पुन्हा आठवा महिना लागला आहे, आणि ती कॅन घेऊन यायला लागली आहे. मग मात्र त्याला राहवेना. त्यानं किलोभर साखर आणि चहाचा पुडा घेतला आणि दोन वर्षांनी अबुल-युसरच्या दाराची कडी वाजवली.

अबुल-युसरनं त्याला बसवलं. शवादफीनं सगळं सांगितलं. तपकिरी रक्त, तीनदा उकळणं, पाच गोण्या.

"पाच?" अबुल-युसरनं विचारलं.

"पाच. कधी सहा."

"मी सात टाकायचो," अबुल-युसर म्हणाला. "आणि माझं शेत तुझ्या वर आहे. पाणी माझ्याकडून तुझ्याकडे उतरतं."

आतून इन्साफच्या चालण्याचा आवाज येत होता, पाय ओढत चालल्याचा.

"मी उद्या चावडीवर सांगतो," शवादफी म्हणाला. "सगळ्यांसमोर. तुझ्या नातवाचं नाव घेऊन सांगितलं तर ऐकतील."

"नको." अबुल-युसरनं त्याचं मनगट धरलं. "माझ्या सुनेला हे कळता कामा नये. दारातला नळ सोडून ती रोज उन्हातून तिथवर जायची. मी हसायचो तिला. म्हणायची, बाबा, माझ्या पोराला साधं पाणी नको. आता पोटात दुसरं आहे. तिला जर कळलं की आपणच पाजलं…" त्यानं आतल्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "नजर दुसऱ्याची असते, हाजी. हात आपला असतो. नजर लागली म्हणून ती जगतेय."

"आणि माझी बायको?"

अबुल-युसरनं मान खाली घातली. "मी काय मागतोय ते कळतंय मला," तो म्हणाला. "पाणी मी स्वतः आणून देईन तिला नळाचं. तिला तिथं जाऊ देणार नाही."

शवादफी घरी आला. सित्त अबूहा दारातच उभी होती. त्यानं तिला शब्दन् शब्द सांगितला, काही गाळलं नाही. त्याला वाटलं, ती आकांत करेल. तिनं फक्त विचारलं, "सासरा सांगेल आणि ती ऐकेल?"

"नाही ऐकणार. तिला वाटेल, माझ्यावरच्या रागानं म्हातारा अडवतोय."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्या तर माझंच ऐकत नाहीत."

सित्त अबूहानं तस्नीमला झोळीतून उचललं, तिची नखं एकेक करून उजेडात बघितली, आणि पुन्हा ठेवलं.

सकाळी ती उठली, ठेवणीतली काळी शाल घेतली आणि शवादफीला काही न सांगता रस्त्याला लागली. तो मागोमाग गेला. हापशावर सात-आठ बायका होत्या. मधोमध इन्साफ, एक हात कमरेवर, दुसऱ्यात पिवळा कॅन, सासऱ्याला चुकवून आलेली. सित्त अबूहाला बघताच सगळ्यांच्या शाली सरसर पोटांवर आणि पोरांवर आल्या.

ती सरळ हापशाजवळ गेली. ओंजळीत पाणी घेतलं, प्याली, आणि मोठ्यानं म्हणाली,

"अगं बाई, काय पाणी आहे! काय गोड! काय गार!"

बायका तिच्या पुढच्या शब्दाची वाट बघत राहिल्या. तो शब्द आला नाही.

"असं पाणी अख्ख्या मुलुखात नाही! डोळ्यांत भरलंय माझ्या! कशी धार आहे बघा, कशी चांदीसारखी!" तिनं हापशावरून हात फिरवला, गाईच्या पाठीवरून फिरवतात तसा. "इन्साफ, भर ना गं. भर तुझा कॅन. मला बघू दे ना भरताना!"

"म्हणा, अम्मा!" एक बाई रडवेली होऊन ओरडली. "माशाअल्लाह म्हणा!"

सित्त अबूहा तिच्याकडे बघून हसली आणि काही म्हणाली नाही.

एकीनं भरलेला कॅन रस्त्यावर ओतून दिला. मग दुसरीनं. इन्साफनं कॅन तिथंच टाकला, दोन्ही हातांनी पोट झाकलं आणि मागं सरली. वळण्यापूर्वी तिनं सित्त अबूहाकडे जे बघितलं, ते शवादफीलाही बघवलं नाही. ती जमिनीवर थुंकली आणि जमेल तेवढ्या घाईनं निघून गेली. थोड्याच वेळात रस्त्यावर फक्त ओली माती उरली.

डॉक्टरणीला जमलं नाही, तीन खात्यांना जमलं नाही, लाल रंगाला आणि फळ्याला जमलं नाही, ते काम चार-दोन वाक्यांत झालं. त्या दिवसापासून हापशाकडे चिटपाखरू फिरकलं नाही. लोक गाढवंसुद्धा लांबून नेऊ लागले. कुणीतरी बापाच्या पाटीवर चिखलाचा पंजा उमटवला, दृष्टीवर उतारा म्हणून. शवादफीनं त्या हंगामात तीनच गोण्या टाकल्या, अबुल-युसरनंही तीन. दोन्ही शेतं फिकट पडली, तेव्हा गाव म्हणालं, बघा, त्या बाईचा डोळा आता गव्हावर गेला. वाऱ्यात गहू उभाच राहिला आणि दाणा चांगला भरला, पण ते कुणी बघितलं नाही. शवादफीची खुर्ची गेली. तो आता घरीच चहा पितो.

हापशावरच्या त्या सकाळनंतर महिन्याभरानं अबुल-युसरच्या घरातून बायकांच्या आनंदाच्या लांब किलकाऱ्या ऐकू आल्या. मुलगा झाला होता. सातव्या दिवशी अख्खं गाव तिकडे लोटलं. संध्याकाळी अबुल-युसर मागच्या दारानं आला, हातात झाकलेलं भांडं. बाळंतिणीकडे येणाऱ्यांना देतात तो गरम, दाट मोगात त्यानं आणला होता. भांडं त्यानं ओट्यावर ठेवलं.

"गुलाबी आहे ना?" सित्त अबूहानं विचारलं.

"गुलाबी आहे," तो म्हणाला. "माशाअल्लाह."

तो गेल्यावर ती गच्चीवर चढली आणि तिकडचं गाणं ऐकत कठड्याला टेकून उभी राहिली. शवादफी मागोमाग आला. त्याच्यानं तिच्याकडे बघवेना.

"चल," तो म्हणाला. "जाऊ आपण. मी सांगतो सगळ्यांना काय खरं ते. बास झालं आता. बाळ घे मांडीवर."

तिनं मान हलवली.

"मी गेले, तर त्या परत हापशावर येतील," ती म्हणाली.